पाण्याच्या बाटल्यांतल्या का मेल्या?

माझ्या नातीला, सईला, कुणी विचारलं की तुझी आजी नोकरीत काय करायची, तर ती सांगते, "मेलेल्या माशा मोजायची." यात खोटं काही नाही, पण माहिती अर्धीच आहे. मी जिवंतही मोजायचे. किंबहुना सगळा पगार त्या जिवंत राहिलेल्यांसाठीच होता.

हैदराबादच्या वेशीबाहेरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत माझी हयात गेली. काम असं : शेतात औषध फवारलं की ते पानावर, फळावर किती दिवस उरतं ते बघायचं; आणि ज्याला मारायचं ठरलंच नव्हतं त्याला ते मारतं का, तेही बघायचं. चोराला मारायला काठी उचलावी आणि ती लागावी पोस्टमनला, असा शेतात रोजचा प्रकार. किडा दिसला की शेतकऱ्याचा हात पंपाकडे जातो. पण त्याच पानावर मावा खाणारा ढालकिडा असतो, फुलात मधमाशी असते, आणि डोळ्याला न दिसणारी आमची ट्रायकोग्रामा असते.

हिची ओळख करून द्यायलाच हवी, कारण पुढची सगळी रामकहाणी तिच्या मरणाची आहे. ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या खानदानातली, पण या छापलेल्या ओळीतल्या टिंबात मावेल एवढी. डंख वगैरे काही नाही. ती दुसऱ्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. तिचं पिल्लू आत बसून ते अंडं खाऊन टाकतं, म्हणजे उसाचा खोडकिडा जन्मायच्या आधीच संपतो. आम्ही भरडलेल्या ज्वारीच्या ट्रेमध्ये तांदळावरचे पतंग वाढवायचो, त्यांची अंडी गाळून पोस्टकार्डासारख्या कार्डावर डिंकानं चिकटवायचो आणि ट्रायकोग्रामाला म्हणायचो, बाई, हो आता बाळंतीण. तीन-चार दिवसांनी पांढरी अंडी काळी पडली की काम झालं. शेतकरी कार्डाचे तुकडे उसाच्या पानाखाली टाचायचा.

ती वर्षं बाजार खुला झाल्याची होती. आबिड्सला नव्या गाड्या, सुलतान बाजारात नव्या साड्या आणि आमच्या प्रयोगशाळेत नव्या औषधांचे डबे. प्रत्येक डब्याबरोबर एक टाय बांधलेला तरुण यायचा. द्राक्षवाले शेतकरीही यायचे, कारण एकाएकी सगळ्यांनाच द्राक्षं परदेशी पाठवायची होती. एकानं तर तपासणीचे घड घरून साबणानं धुऊन, पुसून, कापसात ठेवून आणले होते. म्हटलं, "अहो, औषध किती उरलंय ते बघायचंय. न्हाऊ-माखू घालून कशाला आणलंत?" तर म्हणाला, "मुलगी दाखवायची तर तशीच दाखवतात का, मॅडम?"

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा चौतीस वर्षांची. नांदेडकडच्या शेतकरी घरातली पहिली एम.एस्सी., शिवाय कमरेखाली येणारी वेणी. आणि गर्व दोन्हींचा सारखाच. अंधश्रद्धा, मुहूर्त, मांजर आडवं जाणं यावर मी घरी आणि माहेरी व्याख्यानं द्यायचे. सासूबाई बिचाऱ्या माझ्यासमोर मंगळवारी नखं काढायच्या, वाद नको म्हणून. पण माझीही एक खोड होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. नवा प्रयोग मांडायच्या दिवशी मला मोगऱ्याचा गजरा लागायचा. एम.एस्सी.चा पहिला प्रयोग गजरा माळून केला होता आणि तो साधला होता, तेव्हापासून. याला मी अंधश्रद्धा म्हणत नव्हते, आवड म्हणत होते. हिमायतनगरहून निघायचं, अफझलगंजला बस बदलायची, तिथल्या फुलवालीकडून दोन मुरं गजरा घ्यायचा. मुरं म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत, तिचं माप तेच.

उन्हाळा तर हैदराबादचा. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत गजऱ्याची मान पडायची. त्यावर माझ्याकडे उपाय होता. आमच्याकडे बाटल्या ठेवायचं एक कपाट होतं, आत कायम एकसारखं गार तापमान. त्यात प्रयोगाशिवाय काहीही ठेवायचं नाही हा नियम मीच ठळक अक्षरात लिहून दारावर डकवला होता. त्याच्या खालच्या फळीवर, ट्रेच्या मागे, ओल्या रुमालात गुंडाळून मी गजरा ठेवायचे. संध्याकाळी निघताना तो टवटवीत बाहेर यायचा आणि मी राणीसारखी बसला लटकायचे.

नियम इतरांना कडकच होता. रहमतबीनं एकदा त्याच कपाटात ताकाची बाटली ठेवली, तर मी तिला चार माणसांत फैलावर घेतलं होतं. "ये क्या तुम्हारे घर का फ्रिज है?" ती शांतपणे म्हणाली, "घर में फ्रिज रहता तो इधर कैकू रखती, मॅडम?"

रहमतबी आमची कीटक सांभाळणारी. चाळिशी उलटलेली, उंच, तोंडात सदा पान. पतंग पकडायला काचेची नळी घेऊन बसली की एका हातानं पतंग, दुसऱ्या हातानं पदर, आणि तोंडानं सबंध जुन्या शहराच्या लग्नांच्या बातम्या. तिनं वाढवलेली पिढी कधी दगावली नाही. बारा वर्षं ती रोजंदारीवर होती. दर काही महिन्यांनी तिला एक दिवस घरी बसवायचे आणि परत घ्यायचे, म्हणजे सलग नोकरी झाली असं तिला म्हणता येऊ नये. घरात कमावणारी ती एकटी. त्या वर्षी मात्र तिची फाईल हलली होती. कायम करायची समिती येत्या शुक्रवारी बसणार होती.

आणि नेमक्या त्याच दिवसांत माझ्या माशा मरायला लागल्या.

झालं असं. एका टायवाल्यानं नवं औषध आणलं होतं. डब्यावर 'मित्रकीटकांना सुरक्षित' असं छापायचं त्याचं ठरलेलंच होतं, फक्त आमचा कागद हवा होता. आम्ही एका वाफ्यावर औषध फवारलं आणि दुसऱ्यावर नुसतं पाणी. मग फवारणीच्या दिवशीची, दुसऱ्या दिवशीची, आठवड्यानंतरची पानं आणायची, बाटलीत घालायची, वर ट्रायकोग्रामा सोडायच्या आणि चोवीस तासांनी भिंगाखाली मोजायचं. पाण्याच्या बाटल्यांतल्या माशा जगायला हव्यात. त्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो. त्याच मेल्या तर औषधाविषयी बोलायचा तुम्हाला अधिकार नाही; प्रयोग मोरीत ओता.

मी भिंग लावलं. औषधाच्या बाटल्यांत सगळ्या मेलेल्या. पाण्याच्या बाटल्यांतही सगळ्या मेलेल्या. ब्रशच्या टोकानं हलवून पाहिल्या. एकीनं पाय हलवला असेल तर शपथ.

पुन्हा मांडला, पुन्हा तेच. टायवाला आला आणि गोड हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे पाण्यानंही मरतात, मग आमच्याच औषधाला नावं कशाला?"

हे मला झोंबलं. रागावलेली हुशार बाई काय करते? गुन्हेगार शोधते, आणि तो नेहमी आपल्याहून खालच्या खुर्चीवर सापडतो. इथे तर खुर्चीही नव्हती, स्टूल होतं. रहमतबी जर्द्याचं पान खायची, त्याच हातांनी कार्डं हाताळायची. तंबाखूचा अर्क हे माणसाचं फार जुनं कीटकनाशक. माझ्या डोक्यात दिवा पेटला. त्या उजेडात मी सोमवारी सकाळी मेमो लिहिला : सदर कर्मचारी तंबाखू सेवन करून कीटकसंगोपन कक्षात वावरते, त्यामुळे दोन प्रयोग वाया गेले. इंग्रजीत लिहिला आणि फार सुरेख लिहिला. शुक्रवारच्या समितीपुढे तो आपोआप जाणार हे मला ठाऊक होतं. 'ठाऊक नव्हतं' असं मी बरीच वर्षं सांगत असे. आता वय झालं, खोटं बोलायला लागणारी स्मरणशक्ती उरली नाही.

रहमतबीला खोलीबाहेर बसवलं. ती म्हणाली, "मॅडम, बारा बरस से येइच मुँह, येइच पान. मक्खियाँ अब्बी कैकू मरे?"

प्रश्न शंभर नंबरी होता. मी त्याला उत्तर दिलं, "बहस नक्को."

मंगळवारी तिसरा प्रयोग एकटीनं मांडला. पानं मी आणली, बाटल्या मी उकळल्या, माशा मी सोडल्या. रहमतबीची सावलीही पडू दिली नाही. नवा प्रयोग म्हणून गजरा होताच. या वेळी तीन मुरं, कारण यश नक्की होतं.

बुधवारी भिंग लावलं. औषधाच्या मेलेल्या. पाण्याच्याही मेलेल्या.

मी बाहेर आले तेव्हा रहमतबी व्हरांड्यात स्टुलावर बसली होती. तोंडात पान नव्हतं. सोमवारपासून तिनं ते सोडलं होतं, हे मला तेव्हा दिसलं. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "अब किसकू निकालते?"

मी तिच्या शेजारी पायरीवरच बसले. मॅडमनं पायरीवर बसायची पद्धत नव्हती. म्हटलं, "रहमतबी, तुम्हारे को क्या लगता?"

बारा वर्षांत मी तिला हा प्रश्न पहिल्यांदा विचारत होते.

"मैं जाहिल औरत, मेरेकू क्या लगना," ती म्हणाली आणि लगेच पुढे सरकून बसली. "पन घर में कुछ गुमा तो मैं सबकी जेबाँ उलटा करतूँ. अपनी बी."

म्हणून आम्ही जेबा उलट्या केल्या. रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि एकेका बाटलीत एकेक संशयित. एकीत तिच्या जर्द्याची पुडी, एकीत खडूचा तुकडा, एकीत कपाटाच्या दाराच्या रबराचा काप, एकीत माझ्या केसांच्या तेलाचा बोळा. एक रिकामी. सगळ्यांत माशा सोडल्या. मी झाकणाचं कापड बांधत होते, तेवढ्यात रहमतबी म्हणाली, "एक बाटली फूलों की बी रखो."

"कौन से फूल?"

"वोइच, जो तुम अलमारी में सुलाते."

म्हणजे तिला माहीत होतं. ताकावरून मी तिला बोलले तेव्हाही माहीत होतं. मी कानापर्यंत लाल झाले, पण हसून म्हटलं, "अहो, फुलं आहेत ती. देवाला वाहतो आपण." माझ्यातली एम.एस्सी. हे बोलली, लक्षात घ्या. तरी वेणीत उरलेल्या कालच्या गजऱ्याच्या चार कळ्या टाकल्या बाटलीत, तिचं मन राखायला म्हणून. आणि चोरी उघडी पडलीच होती, म्हणून ही सगळी वरात मी कपाटात न ठेवता बाहेर टेबलावर, ओल्या फडक्याखाली ठेवली.

गुरुवारी सकाळी तेलातल्या माशा जिवंत. खडूतल्या, रबरातल्या, रिकाम्या बाटलीतल्या जिवंत. जर्द्यातल्या थोड्या सुस्त, पण हयात. कळ्यांच्या बाटलीत तळाला काळी मिरपूड सांडावी तशा सगळ्या मेलेल्या.

मी तीनदा मोजल्या. रहमतबी मागे उभी राहून म्हणाली, "गिन लिए? अब मैं बी पान खातूँ."

द्राक्षं, वांगी, भेंडी, दूध, सगळ्यांत किती औषध उरतं ते मी तपासलं होतं. मोगरा कधीच नाही. कारण मोगरा कुणी खात नाही. आणि कुणी खात नाही म्हणूनच कळी पोखरणाऱ्या अळीसाठी त्यावर तोडणीच्या आदल्या दिवसापर्यंत फवारतात, आणि त्या उन्हाळ्यापासून वाफेनंच मारणारी नवी औषधं सुद्धा; कोण विचारतंय? ते फूल मी बंद कपाटात माशांच्या उशाला झोपवत होते. आणि नेमकं प्रयोगाच्या दिवशी. शुभ म्हणून.

आता शुक्रवार उद्यावर आलेला. मी टेबलाशी बसून पत्र लिहिलं : बाह्य वनस्पतिजन्य पदार्थातील अवशेषांमुळे नियंत्रण-नमुने बाधित झाल्याचे निदर्शनास आले आहे. वाचून मला बरं वाटलं. चूक झाली होती, पण कुणीच केली नव्हती. रहमतबी दारात उभी होती. म्हणाली, "पढ़ के सुनाओ."

मी हिंदीत अर्थ सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इसमें गजरा किधर है?"

"वनस्पतिजन्य पदार्थ म्हणजे तेच."

"और गजरा किसका, वो किधर है?" तिनं आत येऊन कागदावर बोट ठेवलं. "मेरा नाम तो साफ लिखे थे, मॅडम."

या वाक्यानंतर मी जे काही केलं त्याचं श्रेय कुणी मला देऊ नये. मी कागद फाडला आणि दुसरा लिहिला. 'कपाटात खाद्यपदार्थ व इतर वस्तू ठेवण्यास मनाई असताना खाली सही करणारीनं स्वतःच्या वेणीतला मोगऱ्याचा गजरा तीन वेळा आत ठेवला. तिन्ही प्रयोग त्यामुळे गेले. रहमतबी यांचा यात कोणताही दोष नाही. दिनांक अमुकचा मेमो चुकीचा असून तो मी मागे घेते.' खाली पूर्ण नाव, पदवीसकट.

साहेब आंध्रातले, सज्जन, मिशीत हसणारे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "अम्मा, इदेमिटि?" हे काय, म्हणाले. "सरकारी फायलीत गजरा? मला पुढे हैदराबादला नाही, दिल्लीला उत्तर द्यावं लागतं." मी म्हटलं, "सर, दिल्लीतही माळतात." ते हसले आणि त्यांनी कागद समितीकडे पाठवला.

इथे गोड शेवट हवा होता. तो लगेच आला नाही. सरकारात मेमो आत जायला एक दार असतं आणि बाहेर यायला सात. समितीनं 'प्रकरण पुढील बैठकीत घ्यावे' असा शेरा मारला आणि पुढची बैठक भरली वर्षभरानं. ते एक वर्ष रहमतबीनं रोजंदारीवर काढलं. त्यातला प्रत्येक दिवस माझ्या सुरेख इंग्रजीचा. तिच्या ताकाची बाटली मी माझ्या खोलीतल्या माठात ठेवायला लागले, आणि भर मेमध्ये ती मला अर्धा पेला द्यायची. माझ्या जिभेला ते आंबट लागायचं. ताक चांगलं असायचं.

चौथा प्रयोग गजऱ्याविना झाला. पाण्याच्या बाटल्यांतल्या माशा नाचत होत्या. टायवाल्याच्या औषधाच्या मात्र आठवड्यानंतरच्या पानांवरही मरत होत्या. 'सुरक्षित' हा शब्द त्याला मिळाला नाही. गजऱ्याची बातमी तोवर शहरभर झाली होती. पुढच्या खेपेला तो येताना चार मुरं गजरा घेऊन आला. "मॅडम, पुन्हा एकदा मांडून बघता का? आणि या वेळी घालाच." मी गजरा ठेवून घेतला, रीतसर नोंद केली आणि चार कळ्या बाटलीत घातल्या. त्याही माशा मेल्या. त्याला निकाल पाठवून दिला.

मी मात्र वर्षभर डोक्यात फूल घातलं नाही. अफझलगंजची फुलवाली हाक मारायची, "काय बाई, घरच्या साहेबांशी भांडण?" मी म्हणायचे, "माशांशी."

पुढच्या उन्हाळ्यात रहमतबीचा हुकूम आला. कायम. साहेबांनी व्हरांड्यात सगळ्यांना बोलावलं, तिच्या हाती कागद दिला आणि भाषण सुरू केलं. ती ऐकता ऐकता माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या वेणीत काहीतरी खोचायला लागली. वासानं कळलं.

मी कुजबुजले, "रहमतबी, नक्को. अंदर माशा हैं."

"चुप बैठो. मेरे आँगन का है, झाड पे कुच्छ नै मारी मैं. सबूत बी है अंदर."

"कसला सबूत?"

तेवढ्यात सबूत गजऱ्यातून उतरून माझ्या मानेवर आला आणि कडकडून चावला. लाल मुंगी. साहेब कर्तव्यनिष्ठा या विषयावर होते, हलता येईना. डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, बाई भारावल्या.

मुंगी जिवंत होती, चांगली धष्टपुष्ट होती. मी तिला चावू दिलं.